निळ्या दोऱ्याची लडी

गावात तिला कातीण म्हणत. कातीण म्हणजे कोपऱ्यात जाळं विणत बसणारा किडा, पण नावं ठेवायची म्हणून कुणी ते नाव ठेवलं नव्हतं. खिडकीखालच्या कोपऱ्यात, भट्टीवरच्या कढईपाशी ती एकदा बसली की जागची हलत नसे, आणि बोटांतून रेशमाचा धागा असा निघत राही की बघणाऱ्याला वाटावं, हा हिच्या पोटातूनच येतोय. नाव नवऱ्यानं ठेवलं होतं, चेष्टेत. नवरा गेला, नाव राहिलं. तिलाही ते आवडायचं. खरं नाव घेऊन कुणी हाक मारली तर ती आधी मागे वळून बघायची, दुसरंच कुणी आलंय की काय म्हणून.

तिच्या बोटांची तर ख्यातीच होती. कढईत पाणी रटरटत असायचं आणि त्यात कोष शेंगांसारखे तरंगत. बाकीच्या बाया झाऱ्यानं कोष उचलत, फुंकर मारत, हाय हुय करत. ही सरळ हात घाले. "कातिणीची बोटं लोखंडाची आहेत," असं शेजारणी म्हणत आणि ती नुसतीच हसे. कोषावरचा गुंता खरवडून काढायचा, खालचं स्वच्छ टोक पकडायचं, अशा पाच-सात कोषांची टोकं एकत्र करून वरच्या कडीतून ओवायची आणि पायानं फाळका फिरवून धागा त्यावर गुंडाळायचा. कोषाचा एकटा तंतू डोळ्याला धड दिसतही नाही. पाच-सात मिळून धागा होतो. एखादा कोष संपत आला की त्याचा तंतू बारीक होतो, आणि लगेच नव्या कोषाचं टोक त्यात सोडावं लागतं. गाठ मारायची नाही, ओला धागा आपोआप ते घेतो. ते टोक नेमकं कधी सोडायचं, हे डोळ्यांना कळत नाही. धागा बोटावरून सरकत असतो, आणि तो हलका झाला की बोट सांगतं. बस, एवढीच विद्या. ती यायला मात्र जन्म जातो असं कातीण म्हणायची, आणि आपल्यानंतर ती कुणाला येईल असं तिला मनातून वाटत नव्हतं.

सून आली ती डावरी निघाली.

"अगं बाई, ही तर डाव्या हाताची!" कातिणीनं पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारून घेतला. "आता हिला काय आणि कसं शिकवायचं?"

सुनेनं पाट उचलला आणि कातिणीच्या शेजारी बसायच्या ऐवजी कढईच्या पलीकडे, अगदी समोर जाऊन बसली. सासू उजव्या हातानं जे करी ते समोरची डाव्या हातानं करी, आरशात बघितल्यासारखं. शेजारी बसून शिकणाऱ्या उजव्या पोरींना जे कधी जमलं नाही ते या मुलीनं एका हंगामात उचललं. कातीण तोंडानं कुरकुरत राहिली, पण पोटातून सुखावली. दुपारी कढई सुनेच्या हाती देऊन ती जरा पाठ टेकू लागली.

"आत्याबाई, बघा बरं," म्हणून सून धागा पुढे करायची. कातीण तो बोटावरून ओढून बघायची.

"बरा आहे," म्हणायची. "बरा आहे" म्हणजे उत्तम, हे सुनेला ठाऊक झालं होतं.

फाळक्यावरून उतरवलेली लडी मधोमध रंगीत दोऱ्यानं बांधायची, ही त्या गावातली रीत. प्रत्येक हाताचा आपला रंग. विणकराला मागावर काही खटकलं तर दोरा बघून तो सांगे, ही अमकीची लडी. कातिणीचा दोरा लाल, लग्न होऊन आली तेव्हापासूनचा. सुनेनं निळा घेतला. लाल आणि निळ्या लड्या खुंटीवर शेजारी शेजारी लोंबायच्या, आणि विणकर सायकलवरून आला की दोन्ही सारख्याच आनंदानं उतरवून न्यायचा. जुना माणूस. कातिणीच्या नवऱ्याचा दोस्त. त्याच्या मागाच्या उभ्या ताण्याला दुसऱ्या कुणाचा धागा चालायचा नाही.

मग तो दमट हंगाम आला. आभाळ उघडेना. तुतीचा पाला ओला, आणि ओला पाला रेशमाच्या अळ्यांना घातला की त्यांना रोग लागतो. मुलगा आणि सून दिवसभर पाल्याचं एकेक पान फडक्यानं पुसत बसायची. अळ्या ठेवायच्या शेडमध्ये चुना फासला, शेगड्या ठेवल्या, तरी तबकांमधल्या अळ्या काळवंडून मरत होत्या. निरोगी अळ्या पाला खातात तेव्हा कागद चुरगाळल्यासारखा आवाज शेडभर भरून असतो. त्या हंगामात शेड गप्प होती. मुलगा मेलेल्या अळ्यांची टोपली घेऊन खड्ड्याकडे जाई तेव्हा त्याच्याकडे बघवत नसे. हाती लागले ते कोष पातळ, नरम, चिमटीत दबणारे. मुलगा चिडचिडा झाला. आईवर ओरडता येत नसे, म्हणून बायकोवर ओरडे.

"एवढे कोष आहेत, त्याचं तरी सोनं करा," असं तो येताजाता म्हणायचा. "धागा बिघडला तर आपण संपलोच."

त्याच दिवसांतली एक सकाळ. कातीण कढईपाशी बसली होती. पायानं फाळका फिरत होता, उजवं बोट धाग्याखाली होतं, आणि ती खिडकीतून सुनेकडे बघत होती. सून अंगणात पाला पुसत होती. बऱ्याच वेळानं कातिणीनं नजर वळवली तर बोटाखाली धागाच नव्हता. तो केव्हाच तुटून फाळक्यावर गेला होता आणि ती मोकळ्या हवेवर बोट धरून बसली होती.

तिनं बोट तोंडात धरलं. दातांनी चावून पाहिलं. दात कळले, बोट कळलं नाही.

खरं तर हे आज झालेलं नव्हतं. गेलं वर्षभर टोक पकडताना दोनदा-तीनदा चिमटी मारावी लागत होती. सुईत दोरा ओवताना सुई निसटायची. ती स्वतःला सांगायची, पाणी जास्त तापलंय, कोष वाईट आहेत, नजर लागली. लोखंडाची बोटं, लोखंडाची बोटं म्हणून लोक जे कौतुक करत होते ते कशाचं होतं, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं. तिनं धागा जोडला. नजरेनं कोष बघून बघून लडी पुरी केली. उतरवून ताणून पाहिली तेव्हा उजेडात दिसलं, कुठे जाड, कुठे केसासारखी बारीक. जन्मात अशी लडी तिच्या हातून उतरली नव्हती.

टाकून द्यायची तर कोष आधीच मोजके. मुलगा विचारणार. आणि विचारलं तर काय सांगायचं? एकदा सांगितलं की कढईवरून उठावं लागणार. मग ही कोण? कोपऱ्यात बसून खोकणारी एक म्हातारी. कातीण कुणीतरी दुसरीच.

खुंटीवर दोन्ही रंगांचे दोरे लोंबत होते. तिनं निळा घेतला.

तो घेताना तिनं मनाशी म्हटलं, एवढी एकच. सुनेला काय, ती अजून शिकतेय, नवख्या हाताला एक चूक सगळे माफ करतात. लडी बांधली, सुनेच्या लड्यांमध्ये सरकवली आणि अंगणात जाऊन सुनेला म्हणाली, "दमलीस गं. चल, चहा टाकते." सून हसली. ते हसू कातिणीला नंतर फार छळणार होतं.

विणकर एरवी धागा घ्यायला यायचा. त्या वेळी तो धागा परत घेऊन आला. सायकल लावली, चहाला नको म्हणाला, आणि तिथेच मुलाला काय ते कळलं. विणकरानं पिशवीतून निळ्या दोऱ्याची लडी काढून ओसरीवर ठेवली.

"ताणा लावला आणि हाताएवढं कापड विणून होईतो चार ठिकाणी तुटला," तो म्हणाला. "सोडून परत लावला, पुन्हा तेच. गिऱ्हाईक गेलं. मला बोलायला बरं वाटत नाही, पण हे तुमच्या घरातलं आहे यावर माझाच विश्वास बसेना."

मुलानं लडी उचलली. दोरा बघितला आणि शेडकडे तोंड करून बायकोला हाक मारली. ती ओल्या हातांनी धावत आली. त्यानं लडी तिच्या अंगावर फेकली.

सुनेनं ती झेलली. धागा ताणून पाहिला. मग दोऱ्याची गाठ बघितली. गाठीकडे ती इतका वेळ बघत राहिली की विणकरानं घसा साफ केला. मग तिनं मान वर करून कातिणीकडे पाहिलं. कातीण उंबऱ्यात उभी होती आणि तिनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

"बोल ना!" मुलगा ओरडला. "तुझी आहे की नाही?"

"रंग माझाच आहे," सून म्हणाली.

"म्हणजे तुझीच! लक्ष कुठे असतं तुझं?"

सून सासूकडेच बघत होती. कातिणीच्या जिभेवर शब्द आले होते. अगदी दातांपर्यंत आले होते. पण समोर नवऱ्याचा दोस्त उभा होता, जो सगळ्या मुलखात सांगत फिरायचा की असा हात पुन्हा होणे नाही. मग तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"जाऊ दे रे. शिकेल हळूहळू."

सुनेनं नजर खाली घातली.

त्या दिवसापासून सून कढईपाशी बसली नाही. मुलानं सांगितलं म्हणून नाही बसली, आणि सासूनं बोलावलं नाही म्हणूनही नाही बसली. पाला तोडायचा, पुसायचा, तबकं धुवायची, पाणी भरायचं, मेलेल्या अळ्या खड्ड्यात टाकायच्या, ही कामं तिच्याकडे आली. कढईच्या पलीकडचा पाट भिंतीला टेकवून ठेवला गेला. कातीण एकटी बसायची. पूर्वी समोर सुनेचे हात हलत असत, आणि त्यांच्याकडे बघून आपलेही नीट चालतात असं तिला वाटायचं. आता समोर नुसती वाफ.

रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगू. मुलगा जेवायला बसला की सांगू. तो जेवायला बसला की वाटायचं, दमून आलाय, दोन घास सुखानं खाऊ दे. जेवून झाल्यावर तो झोपायचा. दिवस असे जात होते आणि जितके जात होते तितकं ते बोलणं जड होत चाललं होतं. सुरुवातीला जे एका वाक्यात उरकलं असतं त्याला आता सगळी गोष्ट सांगावी लागली असती.

सून मात्र तिच्याशी तसूभरही वाकडी वागली नाही. आंघोळीला पाणी काढून देई, पाठ चोळून देई. कधीकधी काम करताकरता थांबायची आणि सासूकडे बघायची. रागानं नव्हे. दारावर कुणी येणार असलं की आपण बघतो तसं. त्या बघण्याला कातीण भ्यायची, आणि काहीतरी निमित्त काढून उठून जायची.

हंगामाच्या शेवटी शेडमधलं उरलंसुरलंही गेलं. मुलगा रिकाम्या तबकांमध्ये उभा होता. सून झाडत होती, कातीण पायरीवर बसली होती.

"विणकर येईनासा झालाय," तो म्हणाला. "आता येणारही नाही. बापानं कमावलेलं, आईनं जपलेलं, आणि तुझ्या एका लडीनं घर बुडवलं."

सुनेचा झाडू थांबला. तिनं पुन्हा एकदा सासूकडे पाहिलं. मुलाची पाठ होती, त्याला ते दिसलं नाही. कातिणीनं पायरीवरचा एक वाळका कोष उचलला आणि तो कुठे फुटलाय का ते बघू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कपड्यांचं गाठोडं घेऊन माहेरी गेली. जाताना कातिणीच्या पाया पडली. "येते, आत्याबाई" म्हणाली, आणि आली नाही. पुढे कळलं की शहरातल्या रेशमाच्या गिरणीत तिला काम लागलं. डावरी आहे म्हणून आधी नाक मुरडलं, पण तिनं काढलेला धागा बघून ठेवून घेतलं. मुलगा म्हणाला, "गेली तर गेली." आणि जेवताना दोन ताटं घेण्याऐवजी तीन घेतली.

विणकर पुन्हा आला तो ऊन पडल्यावर. मुलानं कुठून कुठून चांगले कोष आणले होते, आणि घरात आता एकच हात होता. खुंटीवर सगळ्या लड्या लाल. विणकर खूश होऊन घेऊन गेला. काही दिवसांनी परत आला तेव्हा सायकल त्यानं फाटकाबाहेरच लावली. लाल दोऱ्याच्या लड्या एकेक करून ओसरीवर मांडल्या, हात फिरवून सारख्या केल्या.

"वहिनी," तो म्हणाला, "आता माझी नजर गेली. माग जमत नाही पूर्वीसारखा. तुमचा धागा माझ्याकडे वाया जाईल. दुसऱ्या कुणाला द्या."

त्याची नजर कुठे गेली नव्हती. फाटकातून आत येता येता कुंपणावरची सुतारपक्ष्याची जोडी त्यानंच मुलाला दाखवली होती. मुलगा लड्यांकडे बघत राहिला. मग त्यातली एक त्यानं ताणून उजेडात धरली आणि हळूहळू हात खाली घेतला.

"आई," तो म्हणाला.

कातिणीला वाटलं होतं, हे सांगताना जीव जाईल. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, "तीही माझीच होती. निळा दोरा मी बांधला होता." तिचा आवाजही नेहमीचाच होता. "माझ्या बोटांना काही कळत नाही रे. केव्हापासूनच कळत नाही."

विणकर चपला न घालता फाटकापर्यंत गेला, आणि चपला घ्यायला परत आला. मुलगा शेडमध्ये जाऊन रिकाम्या तबकांपाशी बसला. संध्याकाळी ती बोलवायला गेली तेव्हा म्हणाला, "मी कुठल्या तोंडानं जाऊ तिच्याकडे? तू जा."

गिरणीच्या फाटकाशी ती उन्हात उभी राहिली. आतून तोच वास येत होता, ओल्या कोषांचा, तिच्या सगळ्या आयुष्याचा. भोंगा झाला आणि बाया बाहेर पडल्या. सून घोळक्यात होती, हसत होती, शेजारणीला काहीतरी सांगत होती. सासू दिसल्यावर तिचं हसणं थांबलं. तिनं पुढे येऊन पिशवी घेतली, आणि "चला, ऊन आहे" एवढंच म्हणाली.

खोली लहान होती, दोघी-तिघींची. सुनेनं स्टोव्ह पेटवला. घरी सगळे बरे ना, पाणी भरायला आता कोण जातं, अशी विचारपूस केली. नवऱ्याचं विचारलं नाही. चहा स्टीलच्या पेल्यात ओतून सासूच्या हातात दिला आणि दुसरा पेला घ्यायला वळली.

"ती लडी माझी होती," कातीण तिच्या पाठीला म्हणाली.

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"गाठ उजव्या हाताची होती, आत्याबाई." सून वळली नाही. "रंग माझा होता. गाठीचं टोक दुसऱ्या बाजूला."

इतके दिवस समोरासमोर बसून शिकवलं, आणि हे कसं सुचलं नाही? कातीण पेला धरून बसली. "मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." आता ती वळली. "तेव्हा पाहुण्यासमोर नाही बोललात, म्हटलं, नंतर बोलतील. रोज वाटायचं, आज बोलतील. शेडमध्ये ते तसं म्हणाले तेव्हासुद्धा मी तुमच्याकडेच बघत होते. तेव्हा बोलला असतात तरी चाललं असतं."

"आता सांगितलंय त्याला. सगळं सांगितलंय. तो मान वर करत नाही." कातिणीचा आवाज फाटला. "चल घरी. कढई तुझी. मी उठले."

सुनेनं स्टोव्ह विझवला. बाहेर नळावर बाया भांडत होत्या.

"मला दोन शब्द सांगितले असते तर मीच लपवलं असतं हो," ती म्हणाली. "तुम्ही बसायचं, धागा मी बघायचा. समोर तर बसत होते मी. कुणाला ताकास तूर लागू दिली नसती." मग तिनं मान हलवली. "आता नाही यायची, आत्याबाई. राग नाही. पण आता खुंटीवर निळा दोरा दिसला की माझा हातच पुढे होणार नाही."

एवढं बोलून तिनं सासूच्या हाताकडे पाहिलं आणि एकदम ओरडली, "अहो, भाजतंय ना!"

पेला कातिणीनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. सुनेनं तो ओढून घेतला. बोटं लाललाल झाली होती, एकावर फोड धरत होता. सून तिच्यासमोर जमिनीवर बसली, अगदी समोर, कढईपलीकडे बसायची तशी. डब्यातलं खोबरेल तेल घेतलं, सासूचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि एकेका बोटाला हलक्या हातानं तेल लावू लागली. लावताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेही ती तिथेच पुसत राहिली, तेलाबरोबर.

परतीच्या गाडीत कातीण खिडकीशी बसली. हात मांडीवर उताणा ठेवला होता. बोटांवर तेल चमकत होतं. सुनेनं हात हातात घेतला होता, बोटन् बोट चोळलं होतं, आपलं पाणी त्यावर सांडलं होतं. हे सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. भाजलेलं कळलं नाही याचं तिला काहीच वाटत नव्हतं. तिनं तो हात गालाला लावून पाहिला, पुन्हा लावून पाहिला. गालाला तेल लागलं. सुनेचा हात कसा होता, गार होता की ऊन, ते मात्र त्या बोटांना काही केल्या आठवेना.